११६ घोडे आणि ६ पौंडांचा मोह



गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून एका जुन्या मित्राचा फोन आला. पुण्याला हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. त्याचा धाकटा आता कॉलेजला गेला, घराचे हप्ते संपत आले आणि साहेबांनी लाल रंगाची १९९१ची माझदा मियाटा घेतली. ओडोमीटरवर १ लाख ३८ हजार मैल. पहिली दहा मिनिटं गाडीचं कौतुक झालं आणि मग खरा प्रश्न आला. "अरे, टर्बो बसवू का? किट मिळतंय. सगळे म्हणतात हे इंजिन काहीही सहन करतं. तू तर ह्याच धंद्यात आहेस."

ह्याच धंद्यात आहे हे खरं. डेट्रॉईटच्या परिसरात गेली वीसेक वर्षं मी इंजिनाच्या भागांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या करतो. एखादा भाग मोडेपर्यंत चालवायचा आणि मोडला की का मोडला ते शोधायचं, ह्याचाच मला पगार मिळतो. तरी मी उत्तर द्यायला कचरलो. कारण हाच प्रश्न २०१६ साली मी स्वतःला विचारला होता आणि चुकीचं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराची किंमत ज्या दिवशी मोजावी लागली, त्या दिवशी गाडी माझी सतरा वर्षांची मुलगी चालवत होती.

फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. उदाहरण मियाटाचं घेतो, कारण ती मला नट-बोल्टासकट माहीत आहे. तुमच्याकडे जुनी सिव्हिक असेल नाहीतर बीएमडब्ल्यू, आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

मोह कशाचा?

मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. ब्रिटनमधली मंडळी तिला एमएक्स-५ म्हणून ओळखतात. दोन सीटा, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. पहिलं इंजिन १५९७ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ६५०० आरपीएमला ११६ हॉर्सपॉवर देणारं. वजन हजार किलोच्या आतबाहेर. वळणावर ही गाडी अशी वळते की माणूस ऑफिसातून घरी लांबच्या रस्त्याने यायला लागतो. पण सरळ रस्त्यावर, सिग्नल हिरवा झाला की शेजारची साधी कॅमरी, आत कारसीटवर झोपलेल्या बाळासकट, पुढे निघून जाते. तिथे जीव जळतो.

ह्या जळणाऱ्या जिवाला खतपाणी घालणारी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मियाटाचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन माझदाने १९८८-८९ मध्ये अमेरिकेत ३२३ जीटीएक्स नावाच्या गाडीत टर्बोसकट विकलं होतं. १३२ हॉर्सपॉवर, चारही चाकांना जोर. म्हणजे ब्लॉक मजबूत आहे, क्रँक मजबूत आहे, टर्बो सोसण्यासाठीच जन्मलेलं इंजिन आहे, घाला बिनधास्त!

हे अर्धसत्य आहे. ब्लॉक खरंच मजबूत आहे. पण जीटीएक्सचं कम्प्रेशन होतं ७.९ला १ आणि मियाटाचं आहे ९.४ला १. कंपनीने स्वतः टर्बो बसवला तेव्हा आधी कम्प्रेशन खाली आणलं, त्याला साजेसे पिस्टन घातले आणि मग हवा दाबली. आपण ते मधलं काही करत नाही. आपण नुसती हवा दाबतो.

घोडे येतात कुठून?

इंजिनातून जास्त ताकद काढायचे ढोबळमानाने तीनच मार्ग आहेत. ते जास्त वेगाने फिरवा, प्रत्येक फेरीत जास्त हवा-पेट्रोल कोंबा, किंवा आहे तेच जास्त चांगलं जाळा.

वेगाने फिरवण्याचा हिशेब सोपा आणि भीतीदायक आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो. ७२०० आरपीएमची लाल रेघ ८००० वर नेली, तर वेग ११ टक्के वाढला, पण झटका २३ टक्के वाढला. रॉडच्या बोल्टाला हे लगेच कळतं, आपल्याला नंतर.

आता टर्बो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १४.७ पौंड प्रति चौरस इंच. त्यावर ६ पौंडांचा बूस्ट दिला की दाब साधारण ४० टक्के जास्त. म्हणजे ताकदही ४० टक्के जास्त, असं वाटतं ना? पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारल्यावर त्याचं टोक गरम लागतं, तसंच. टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर २७ अंश सेल्सियसची हवा आत जाताना ७४ अंशांच्या आसपास असते. गरम हवा विरळ, त्यामुळे प्रत्यक्षात २२ टक्केच जास्त हवा आत जाते. घोडे तेवढेच वाढतात. आणि ती वाढीव उष्णता थेट सिलिंडरमध्ये जाते. ह्याच्यासाठी इंटरकूलर असतो, आणि नवशिक्याच्या किटमध्ये बहुतेक वेळा नेमका तोच नसतो.

इथे खरा शत्रू येतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण ठिणगीपासून सुरू होऊन एका लाटेत, शिस्तीत जळायला हवं. दाब आणि तापमान फार वाढलं, तर शेवटचा न जळलेला भाग आगीची वाट न पाहता एकदम पेटतो. ह्यालाच नॉकिंग म्हणतात. आवाज येतो टिकटिक, टिकटिक, पत्र्यावर वाळूचे खडे टाकल्यासारखा.

माझ्या वयाच्या लोकांनी हा आवाज लहानपणी ऐकलेला आहे. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, पण घरात सगळे 'फियाट'च म्हणायचे. नाशिकहून मुंबईला जाऊन परत येताना कसारा घाटात वडील टॉप गियरमध्येच रेटायचे आणि बॉनेटखालून टिकटिक सुरू व्हायची. नाशिकला आल्यावर मेकॅनिक कान लावून ऐकायचा, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो हाताने किंचित फिरवायचा आणि म्हणायचा, "साहेब, टायमिंग पुढे गेलंय. आणि घाटात गियर खाली घेत जा." तेवढ्याने आवाज जायचा. त्या इंजिनात चाळिसेकच घोडे होते, त्यामुळे चुकीला माफी होती. टर्बोवाल्या इंजिनात माफीची सोय फार थोडी असते.

शिलकीचा प्रश्न

कारखाना इंजिन बनवतो तेव्हा ते कोण कसं चालवणार हे त्याला माहीत नसतं. कोणी फिनिक्सच्या उन्हात, कोणी मिनेसोटाच्या थंडीत, कोणी ऑईल बदलायला विसरणारा, कोणी सगळ्यात स्वस्त पेट्रोल भरणारा. ह्या सगळ्यांना पुरून उरावं म्हणून प्रत्येक भागात काही शिल्लक ठेवतात. आमच्या चाचण्या ती शिलकीची खात्री करण्यासाठीच असतात: पूर्ण भार टाकून, शेकडो तास.

आपण जे घोडे वाढवतो ते बाहेरून येत नाहीत. ते ह्याच शिलकीतून काढलेले असतात. नव्या गाडीत तसं करणं म्हणजे एफडी मोडण्यासारखं. निदान किती रक्कम आहे हे माहीत असतं. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत आधीच्या तीन-चार मालकांनी किती काढून नेलंय ते पासबुकात लिहिलेलं नसतं. त्यामुळे "हे इंजिन किती सोसतं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "माझ्या ह्या इंजिनात आज किती उरलंय?" हा प्रश्न विचारायचा.

मी काय केलं

माझी गाडी १९९२ची. २०१३ साली घेतली तेव्हा १ लाख १२ हजार मैल झाले होते. तीन वर्षं तिने एक दिवस त्रास दिला नाही. मग २०१६च्या वसंतात मी किट घेतलं. तीन हजार डॉलर, ६ पौंड बूस्ट, इंटरकूलर नाही. जास्त पेट्रोल मिळावं म्हणून बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा एक यांत्रिक रेग्युलेटर. मूळ कॉम्प्युटरला टर्बो बसवल्याचा पत्ताच नाही.

बसवण्यापूर्वी मी कम्प्रेशन टेस्ट केली होती. पहिल्या तीन सिलिंडरचे आकडे १७५च्या आसपास, चौथ्याचा १५८. म्हणजे दहा टक्के कमी. हाच आकडा माझ्या हाताखालच्या मुलाने आणून दाखवला असता, तर मी चाचणी थांबवली असती. स्वतःच्या गॅरेजमध्ये मी म्हटलं, चालतंय. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच.

पहिले तीन महिने मजा आली हे कबूल करतो. हायवेला शिरताना मागून ढकलल्यासारखं व्हायचं. बायको एकदा बसली आणि म्हणाली, "छान आहे. पण तू लांब घेऊन गेलास तर ही तुला परत आणणार, की मी यायचं न्यायला?" मी हसण्यावारी नेलं.

जुलैमध्ये मुलगी आणि मी टेनेसी-नॉर्थ कॅरोलायना सीमेवरच्या 'टेल ऑफ द ड्रॅगन'ला निघालो. ११ मैलांत ३१८ वळणं असलेला रस्ता, मियाटावाल्यांची पंढरीच. मुलगी हातगियर माझ्याकडूनच शिकली होती, आणि पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाणार होती. बाप-लेकीची ही बहुधा शेवटचीच मोठी ट्रिप, हे दोघांनाही ठाऊक होतं, बोललं कोणी नव्हतं.

केंटकीच्या दक्षिण टोकाला पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावर ९३ ऑक्टेनचं संपलेलं. मी ८९ भरलं. पुढच्या एक्झिटला थांबता आलं असतं. पण ऊन मी म्हणत होतं, ९५ अंश फॅरनहाइट, आणि पोहोचायची घाई. गाडी मुलीने घेतली. हायवे क्रमांक ७५ टेनेसीत शिरला की लगेच जेलिकोचा डोंगर लागतो, लांबलचक चढ. दोन्ही बाजूंना ट्रक. ती टॉप गियरमध्ये बूस्टवर चढवत होती, अगदी मी शिकवलं होतं तसं.

"बाबा, कसला तरी आवाज येतोय. टिकटिक."

"जुनी गाडी आहे ग. आवाज येणारच."

मंडळी, हे वाक्य मी बोललो. कसारा घाटात तो आवाज ऐकत मोठा झालेला मी.

दोन मिनिटांनी फट् असा आवाज आला, गाडीतला जीव गेल्यासारखी ती मंदावली आणि आरशात नुसता निळा धूर. मागे अठरा चाकी ट्रक. पोरीने डोकं शाबूत ठेवलं. फ्लॅशर लावले, क्लच दाबला, उतरत्या वेगावर गाडी कडेला घेतली. थांबल्यावर मात्र तिचे हात थरथरत होते. दर ट्रकला ती छोटी गाडी हलत होती. आम्ही रेलिंगपलीकडे गवतात दीड तास टो ट्रकची वाट पाहिली.

रात्री मोटेलमध्ये तिने विचारलं, "मी चुकीच्या गियरमध्ये होते का?" मी म्हटलं, "नाही ग, चूक माझी आहे." ती म्हणाली, "तू म्हणालास म्हणून मी थांबवली नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आत काय निघालं

भाड्याच्या ट्रेलरवर गाडी घरी आणली आणि हेड उघडलं. चौथ्या पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड तुटून पडली होती. नॉकिंगची ठरलेली सही. आता ऑफिसात करतो तसं कारण शोधत गेलो, आणि एक कारण सापडलं नाही, पाच सापडली.

पहिलं, पाण्याचा मार्ग. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांसाठी आखलेलं. तिथे पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. मियाटात थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला आणला, त्यामुळे पाणी पुढून शिरतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर पडतं. सर्वांत मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी पाणी येतं. ११६ घोड्यांना ते पुरतं. जास्त घोड्यांच्या वेळी तोच सिलिंडर आधी तापतो.

दुसरं, रेडिएटर जुना. वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली होती. हा रंग म्हणजे प्लॅस्टिकने मान टाकल्याची खूण. जळलेल्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते. ताकद वाढवली की रेडिएटरचं कामही त्याच प्रमाणात वाढतं.

तिसरं, चौथ्या सिलिंडरचा इंजेक्टर थोडा तुंबलेला. तपासून घेतला तर बाकीच्यांपेक्षा ८ टक्के कमी पेट्रोल देत होता. म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे आणखी गरम. चौथं, ८९ ऑक्टेन. पाचवं, ज्याच्यात आधीच दहा टक्के कमी होते तो नेमका हाच सिलिंडर.

ह्यातलं कुठलंही एक असतं तर गाडी घरी आली असती. मूळच्या ११६ घोड्यांवर पाचही असती तरी बहुधा आली असती. टर्बोने पिस्टन तोडला नाही, टर्बोने शिल्लक संपवली. मग उरलेल्या लहानसहान चुका चौथ्या सिलिंडरने एकत्र वसूल केल्या.

आणखी एक हिशेब, आपल्यासारख्या आकडेवाल्या मंडळींसाठी. समजा, नवा बसवलेला प्रत्येक भाग वर्षभर न बिघडता चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे. उत्तम वाटतं. पण एका किटमध्ये ऑईलच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, होज, क्लॅम्प, स्टड, गॅस्केट, रेग्युलेटर असे वीसेक भाग सहज असतात. ०.९९चा विसावा घात काढा: ०.८२. म्हणजे पाचात जवळजवळ एक वर्ष असं, की काहीतरी सुटणार, फाटणार किंवा गळणार. कुठल्या एक्झिटला ते आपल्या हातात नाही.

मग काय करायचं?

'काही करू नका' असं मी म्हणणार नाही. काहीच करायचं नव्हतं तर लोकांनी कॅमरी घेतली असती. पण क्रम महत्त्वाचा. माझ्या अनुभवाने तो असा आहे.

१) आधी शिल्लक मोजा. चारही सिलिंडरची कम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट. दोन्ही करा, कारण पहिली फक्त 'कमी आहे' एवढंच सांगते. हवा रिंगमधून जाते की व्हॉल्व्हमधून, हे दुसरी सांगते. आकडे वहीत तारखेसह लिहा.

२) गाडी मूळच्या स्थितीत आणा. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट, प्लग, वायरी, इंजेक्टरची सफाई. टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलायचा असतो. त्याच वेळी वॉटर पंपही बदला, मजुरी एकच. इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑईल गळत असेल तर आधी कॅम अँगल सेन्सरची रबरी रिंग पाहा, चार-पाच डॉलरचं काम असतं. पुष्कळदा एवढ्यानेच हरवलेले घोडे परत येतात आणि माणूस म्हणतो, "अरे, हिला टर्बोची गरजच नव्हती!"

३) तुमच्या गाडीचा जन्मजात दोष ओळखा. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या मियाटांमध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट किंचित जरी सैल राहिला, तरी किल्लीची खाच झिजत जाते आणि शेवटी टायमिंगच हलतं. खालच्या पुलीला चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड असेल तर तो बोल्ट कोणाकडूनही घाईघाईत उघडून घेऊ नका. जुन्या बीएमडब्ल्यूला, सुबारूला, होंडाला असे आपापले दोष आहेत. पैसे टाकण्यापूर्वी ते माहीत हवेत.

४) थांबण्यावर आणि वळण्यावर आधी खर्च करा. चांगले टायर, ब्रेकच्या नळ्या, शॉक ॲब्सॉर्बर, बुश. इंजिनातून एक पैचीही शिल्लक न काढता गाडी वेगवान करण्याचा हा एकच मार्ग आहे.

५) फुकटचे घोडे घ्या, पण ते फुकट नाहीत हे लक्षात ठेवून. १.६च्या मियाटाचं बेस टायमिंग १० अंश असतं. कॅम अँगल सेन्सर हाताने फिरवून ते १४पर्यंत नेणारे पुष्कळ आहेत आणि फरक जाणवतोही. हे म्हणजे आमच्या नाशिकच्या मेकॅनिकचंच काम, उलट्या दिशेने. मग कायम चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागणार, आणि टिकटिक आली की मुकाट्याने मागे यायचं.

६) कारखान्याने तपासलेले घोडे शोधा. माझ्या मते हा सर्वांत शहाणा मार्ग. १९९४पासून मियाटात १८३९ सीसीचं, १२८ हॉर्सपॉवरचं इंजिन आलं आणि मागचा डिफरन्शियलही जास्त दणकट झाला. त्याच घराण्यातलं असल्याने जुन्या गाडीत ते फार उपद्व्याप न करता बसतं. बारा घोडेच जास्त, पण खालच्या वेगाला ओढ चांगली, आणि प्रत्येक घोड्याच्या पाठीशी कंपनीच्या चाचण्या.

७) एवढं करूनही टर्बो हवाच असेल तर अर्धवट करू नका. इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, टायमिंग आणि पेट्रोल दोन्ही सांभाळणारा प्रोग्रामेबल कॉम्प्युटर, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर, मागून पाणी बाहेर काढण्याचा बदल, आणि क्लच. ह्याची बेरीज किटच्या किमतीच्या दुपटीहून खाली येत नाही. ती परवडत नसेल तर टर्बोही परवडत नाही. असे नीट केलेले टर्बो वर्षानुवर्षं चालताना मी पाहिले आहेत. त्यांच्या मालकांच्या हातात कायम एक वही असते.

८) एका वेळी एकच बदल. मग ५०० मैल चालवा, सगळं पुन्हा आवळा, मग पुढचा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर आवाज कशाचा, हे देवालाही कळणार नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द. आमच्या मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना स्मॉग चेक आहे, आणि इंजिनाला लावलेल्या भागाला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी उत्तम चालत असूनही नापास होते. पैसे देण्यापूर्वी तो क्रमांक मागा. ब्रिटनमध्ये केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. लपवलात तर दाव्याच्या वेळी अंगाशी येतं. दुबई-मस्कतकडच्या मंडळींनी माझा तापमानाचा हिशेब ४५ अंशांपासून सुरू करून पाहावा आणि मग ठरवावं.

आणि शेवटचा, पण मी पहिला विचारायला हवा होता तो प्रश्न. ही गाडी अडकली तर कोण अडकणार? रविवारी सकाळी घरापासून दहा मैलांवर एकटे असाल, तर प्रयोग करायला हरकत नाही. पण तीच गाडी घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल, किंवा सोमवारी तिनेच कामावर जायचं असेल, तर तुमच्या हौसेचा हप्ता ते भरणार आहेत. त्यांना विचारलंत का?

नंतरचं थोडक्यात. त्या हिवाळ्यात १९९५च्या अपघातातल्या गाडीचं १.८चं इंजिन आणि डिफरन्शियल आणलं. बसवण्याआधी कम्प्रेशन टेस्ट केली, चारही आकडे एकमेकांच्या पाच टक्क्यांत आल्यावरच पैसे दिले. नवा रेडिएटर, पाण्याचा मार्ग बदलला, चांगले टायर. टर्बो विकला नाही. दुसऱ्या कोणाची पोरगी जेलिकोला अडकायला नको, म्हणून भंगारात दिला.

२०१८च्या जुलैमध्ये मुलगी सुट्टीवर आली तेव्हा पुन्हा निघालो. जेलिकोच्या पायथ्याशी तिने काही न बोलता गियर एक खाली घेतला आणि उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे, शांतपणे चढ चढून गेली. रेडिओ बंद होता. आम्ही दोघंही कान लावून ऐकत होतो. काहीच आलं नाही. ड्रॅगनची ३१८ वळणं तिनेच चालवली, मी नुसता बसलो.

तर न्यू जर्सीच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: अजून 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. पुली बघ, चार खाचा आहेत की आठ. कम्प्रेशनचे चार आकडे पाठव. आणि वहिनी ती गाडी चालवणार आहेत का, ते त्यांना विचारून कळव. मग बोलू.

चू.भू.द्या.घ्या.

ता.क. रेडिएटरची टाकी तपकिरी झाली असेल तर बाकी सगळं राहू दे, ह्याच आठवड्यात तो बदल. आणि चालवणाऱ्याला आवाज आला, तर आवाज येतोय असंच समज.